ओलं सरपण



पावसाळ्यात ज्यांनी चूल पेटवली आहे, निदान आजीला पेटवताना पाहिली आहे, त्यांना आजचं अर्धं व्याख्यान ठाऊकच आहे. सरपण भिजलेलं असलं की फुंकणी फुंकून जीव गेला तरी निघतो तो धूर.

१९८७ साली दिल्लीत तिमारपूरला हेच घडलं. तंत्रज्ञान डेन्मार्कचं, रोज ३०० टन कचरा जाळून ३.७५ मेगावॅट वीज काढायचा बेत. प्रकल्प चालला जेमतेम तीन आठवडे. भट्टीला एका किलोमागे १४०० हून अधिक किलोकॅलरी हव्या होत्या. दिल्लीचा कचरा त्याच्या निम्म्याच्या आसपास अडखळला. यात यंत्राचा काही दोष नव्हता. आपल्या घरातली रद्दी, पुठ्ठे, बाटल्या, म्हणजे जळण म्हणून जे उत्तम, ते रद्दीवाला आणि कचरावेचक आधीच काढून घेतात. उरतात भाजीची देठं, शिळा भात, चहाचा चोथा आणि रस्ता झाडलेली माती. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात. किलोभर कचऱ्यात अर्धा किलो पाणी धरा. ३०० किलोकॅलरी ते वाळवण्यातच गेल्या.

कोपनहेगनच्या भट्टीचा फोटो मात्र आपल्याकडे दर दोन वर्षांनी कुणीतरी दाखवतं. छपरावर बर्फाशिवाय स्कीइंग करणारी माणसं! छपराखाली काय चालतं, ते कुणी सांगत नाही. तिथल्या कचऱ्याची बरीचशी उष्णता गरम पाण्याच्या नळांतून शहरातली घरं उबदार ठेवते. या मांडवात, मे महिन्यात, ऊब हवी असलेल्यांनी हात वर करावेत.

मग कचरा डेपोवरच टाकत राहायचं का? मुंबईत देवनारला १९२७ पासून टाकतोय. जानेवारी २०१६ मध्ये तो डोंगर पेटला तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. ओला कचरा दाबून ठेवला की आत हवा पोहोचत नाही, कुजताना मिथेन तयार होतो, आणि ठिणगी पडायचा अवकाश! शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट तापदायक. कचरा डेपो उशाशी असलेल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या कचरागाड्या वेळोवेळी अडवल्या, तेव्हा शहरात कचरा साठला म्हणून आपण नाक मुरडलं. त्यांच्या विहिरींत काय झिरपत होतं, हे विचारायला फारसं कुणी गेलं नाही.

जो मिथेन डोंगर पेटवतो, तोच बंद टाकीत धरला की इंधन होतो. गोबर गॅस आपल्याला नवा नाही. ओल्या कचऱ्याला चूल सोसत नाही. त्याला पोट लागतं. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ प्रकल्पात पोटं दोन आहेत: पहिल्या टाकीत हवा आणि गरम पाणी देऊन कचऱ्याचा लगदा मऊ करायचा, दुसरीत हवा बंद करून जिवाणूंच्या हवाली करायचा. पुण्याच्या डॉ. आनंद कर्व्यांनी घराच्या गच्चीवर मावेल एवढी टाकी करून दाखवली. गोव्यात साळगावला २०१६ पासून अशाच वायूवर वीज होते. आणि इंदूरचा प्रकल्प, २०२२ मध्ये सुरू झालेला, रोज ५५० टन ओल्या कचऱ्यातून सुमारे १७,००० किलो वायू काढायच्या क्षमतेचा आहे. टनाला साधारण तीस किलो. त्यावर शहर बस धावते. वर खत मिळतं, ते वेगळंच; भट्टीत मात्र वजनाचा पाचवा-चौथा हिस्सा राख म्हणून उरतो, आणि तिला जागा शोधावीच लागते.

मी भट्टीच्या विरोधात नाही. पिंपरी-चिंचवडचा मोशीचा प्रकल्प २०२३ पासून आहे; क्षमता १४ मेगावॅट, वर्षाला अडीच लाख टन कचऱ्याची भूक. पुन्हा वापरात न येणारा, पण किलोला १५०० किलोकॅलरी किंवा जास्त उष्णता देणारा कचरा जमिनीत पुरू नये, असं घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनीही सांगितलं होतं. फाटक्या चपला, चिप्सची पाकिटं यांचं दुसरं करणार काय? माझी धास्ती त्या भुकेची आहे. एकदा भट्टी बांधली की तिला उपाशी ठेवता येत नाही. मग चांगला पुठ्ठाही तिच्या तोंडात जातो, आणि तो पुठ्ठा कुणाची तरी रोजची मजुरी असते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून हेच सांगत आली आहे.

मध्यंतरी एका छोट्या बायोगॅस केंद्रावर गेलो होतो. आंब्याचे दिवस. तिथल्या बाई लांब चिमट्यानं कोयी बाजूला काढत होत्या. कोय आणि करवंटी त्या पोटाला पचत नाहीत. मी म्हटलं, “कोयींचा फार त्रास होत असेल.” त्या म्हणाल्या, “कोय दिसते तरी, दादा.” आणि तळहातावर ठेवून मला दाखवलं ते, ज्यानं आठवड्यात दोनदा पंप तुंबतो: दूध ओतण्यासाठी आपण पिशवीचा कापतो तो नखाएवढा कोपरा.