दादरच्या पुलावरचं अ‍ॅप

दादर स्टेशनच्या पुलावर मोबाइल बघायला माणसाला किती वेळ मिळतो? मागून लोंढा ढकलत असतो, एक हात पिशवीत गुंतलेला. शहरातल्या प्रवासाच्या अ‍ॅपची खरी परीक्षा तिथे होते. सचिन टेके यांचं २०१० साली आलेलं ‘एम-इंडिकेटर’ हे अ‍ॅप मुंबईकरांनी उचललं, ते काही देखणं होतं म्हणून नव्हे. लोकलचं वेळापत्रक फोनमध्येच साठवलेलं. रेंज गेली तरी गाडी सापडते. स्लो की फास्ट, १२ डबा की १५, एवढं दिसलं की पाय आपोआप योग्य जिन्याकडे वळतात. नकाशा? रोजच्या प्रवाशाला तो क्वचितच लागतो. स्टेशनं त्याला तोंडपाठ असतात. मात्र वेळापत्रकातली वेळ आणि गाडी प्रत्यक्ष येण्याची वेळ यांत फरक पडतो, आणि पडद्याने तो लपवला की प्रवासी फसतो. ‘ठरलेली वेळ’ आणि ‘गाडी आत्ता कुठे’ या दोन गोष्टी कुठल्याही अ‍ॅपमध्ये वेगळ्या दिसायलाच हव्यात. अक्षरंही जरा मोठी ठेवा हो. चष्मा घरी विसरलेले आजोबाही लोकलनेच जातात.