हळदीची मूठ आणि गळका रेडिएटर



श्रोतेहो, ‘उन्हाळ्यात गाडीची निगा’ असा विषय मला दिला आहे. त्यात टायर येतात, बॅटरी येते, एसी येतो. पण आजचा बहुतेक वेळ मी एकाच गोष्टीला देणार आहे. ती म्हणजे गळका रेडिएटर आणि त्यात ओतली जाणारी हळद. हळद म्हणा, की दुकानात मिळणारी गळती बंद करायची बाटली म्हणा, काम दोघींचं एकच.

माझा एक जुना विद्यार्थी चिपळूणहून पाटणकडे वडापची जीप चालवतो. फेब्रुवारीत त्याचा रेडिएटर ठिबकायला लागला. घाटाखालच्या चहावाल्याकडून त्यानं मूठभर हळद घेतली, पाण्यात कालवली आणि ओतली. गळती थांबली. मला फोन करून सांगितलं, “मास्तर, एक थेंब नाही सांडत.” मी म्हटलं, “छान. आता रेडिएटर कधी उतरवतोस?” तो म्हणाला, “कशाला? थांबली की.” तीन आठवड्यांनी कुंभार्ली घाटाच्या मध्यावर काटा लाल रेघेवर गेला. प्रवासी कठड्यावर बसून राहिले आणि जीप टोचन करून खाली आली.

इंजिनाचं हेड उतरवलं तेव्हा मी तिथं होतो. हेडवर पोलादी पट्टी आडवी ठेवली, तर मधोमध पट्टीखालून उजेड दिसत होता. हेड वाकलं होतं. मग रेडिएटरची खालची टाकी उकलली. तळाशी तपकिरी-पिवळा थर होता, वाळलेल्या पिठल्यासारखा, बोटानं खरवडला तर पापुद्रा निघत होता. हळद आणि गंज एकत्र बसले होते. निम्म्याहून जास्त नळ्यांची तोंडं त्यानं लिंपून टाकली होती. भोक होतं सुईच्या टोकाएवढं, आणि बंद झाला सगळा रेडिएटर.

हळदीनं गळती थांबते, यात खोटं काही नाही. आतल्या पाण्याला दाब असतो. पाणी भोकाकडे धावतं, सोबत कण नेतं, ते कण भोकात अडकतात, फुगतात. बाटल्यांमध्येही असंच काहीतरी असतं: कुठं अक्रोडाच्या कवचाचा भुगा, कुठं तंतू, कुठं धातूची बारीक चकती, तर कुठं सोडियम सिलिकेट, जे तापलं की काचेसारखं घट्ट होतं. भोक बारीक असेल तर ही सगळी चालतात. पण कणाला भोक कुठलं आणि नळी कुठली, हे कळत नाही. पाणी जिथं रेंगाळतं तिथं तो बसतो. खालच्या टाकीत बसतो, थर्मोस्टॅटवर बसतो, आणि ज्या गाड्यांना हीटर आहे त्यांच्या हीटरच्या बारीक नळ्यांत तर सगळ्यांत आधी बसतो.

आमच्या घरी पितळेची कळशी होती. तिच्या बुडाला बारीक भोक पडलं, की आई कपड्याच्या साबणाचा तुकडा त्यात घासून बसवायची. नदीवरून घरापर्यंत पाणी येई. पण आईच्या मनात पक्कं असे, की येत्या बाजाराला कळशी तांबटाकडे न्यायची. तांबट ती उलटी धरायचा, साबण पाहून कपाळाला आठ्या घालायचा आणि पहिल्यांदा तो खरवडून काढायचा. जागा लख्ख झाल्याशिवाय डाग धरत नाही. मग नवसागर, मग कथील. आता हीच कळशी चुलीवर ठेवली आहे असं समजा. तोंड घट्ट बंद आहे, आत दाब आहे, आणि पोट मोकळं नसून त्यात जेमतेम दोन मिलिमीटर फटीच्या चपट्या नळ्या ओळीनं उभ्या आहेत. साबण सुटून आत पडला तर कुठं जाईल? आणि डाग द्यायला तांबटाला जागा लख्ख कशी मिळेल? रेडिएटरवाला तुमच्यावर वैतागतो तो याच कारणानं. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर तो खोलून, नळ्यांत सळई फिरवून डाग देऊ शकतो. हल्लीच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लास्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या असतात. तिथं आतला गाळ काढायलाच वाव कमी, मग जाळीच बदलावी लागते.

म्हणजे आईचा साबण चुकीचा नव्हता. त्याला मुदत होती, बाजाराच्या दिवसाची. तुमच्या हळदीला मुदत नसते, माझं भांडण एवढंच आहे.

मोठमोठ्यांनीही हा उपाय केलेला आहे. अमेरिकेची नॉटिलस ही अणुशक्तीवर चालणारी पहिली पाणबुडी. ३ ऑगस्ट १९५८ रोजी ती बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोचली. त्याआधी तिच्या कंडेन्सरमध्ये समुद्राचं पाणी झिरपत होतं, आणि ठिकाण सापडत नव्हतं. तेव्हा सिॲटल शहरातल्या मोटारींच्या दुकानांतून गळती बंद करायच्या बाटल्या आणल्या, आत ओतल्या, आणि झिरपणं थांबलं. मुलांना मी ही गोष्ट दर वर्षी सांगायचो. ते खूश व्हायचे, आणि मी लगेच विचारायचो, पाणबुडीवर त्या यंत्राशेजारी चोवीस तास किती माणसं उभी होती? तुमच्या बोनेटखाली कोण उभं आहे?

आता दाबाचं. हे नीट ऐका, कारण ‘पाणीच जातंय ना, वरून ओततो’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तेवढा दाब आत राहिला, तर पाणी १०० अंशांना उकळत नाही, १२० च्या आसपास उकळतं. गळती असली की दाब टिकत नाही, आणि पाणी पुन्हा १०० ला उकळतं. महाबळेश्वरच्या उंचीवर तर ९५ च्या आसपासच. म्हणजे बाटलीभर पाणी गेलं एवढाच तोटा नाही. चढावर ज्या वीस अंशांची ऊब इंजिन सोसतं, ते वीस अंशच गेले.

म्हणून आधी पाहा, गळतंय कुठून. गाडी पूर्ण गार झाल्यावर. तापलेलं झाकण कुणीही उघडू नका, फडकं धरूनसुद्धा नका. मी भाजलेले हात पाहिले आहेत. होजची क्लिप ढिली आहे का? झाकणाचं रबर चिरलं आहे का? वॉटर पंपाच्या पोटाखाली एक छोटं भोक असतं, तिथून ओघळ आहे का? ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं, की ते पाणी टाकून तुम्हाला सांगतं. मी लोकांनी ते भोक एम-सीलनं बुजवलेलं पाहिलं आहे! सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं, आणि पुढं बेअरिंग गेलं. क्लिप असो, झाकण असो, पंप असो, यातल्या कशावरच हळद चालत नाही, बाटलीही नाही. बाहेर काहीच दिसलं नाही तर झाकणाच्या जागी हातपंप लावून दाब भरतात आणि दहा मिनिटं काटा पाहतात. फार खर्चाचं काम नाही ते.

स्टुडिओच्या काचेपलीकडून ताई दोन बोटं दाखवताहेत, वेळ संपत आली. हेड गॅस्केटचं राहिलंच. पांढरा धूर येतो, तेलाचा रंग चहासारखा होतो, तेव्हाही बाटली ओतणारे आहेत... ते पुन्हा कधीतरी.

रात्रीची वेळ, सोबत लेकरंबाळं, आणि गॅरेज चाळीस किलोमीटरवर असेल, तर हळद किंवा बाटली ओता. बाटली असेल तर तिच्यावर लिहिलं आहे तेवढीच, अंदाजानं नाही. काट्यावर नजर ठेवून हळू घेऊन जा. आणि एक चिठ्ठी लिहा: काय ओतलं, किती, कुठल्या तारखेला. ती बोनेटच्या आतून चिकटवा, किंवा मेकॅनिकच्या हातात द्या. लाजू नका, तो रागावेल, रागावू द्या. त्याला कळलं, की तो आधी सगळं पाणी काढून धुऊन घेईल, मग पाना हातात धरेल. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या जीपमध्ये आता स्टिअरिंगजवळ अशी एक कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल सुतळीनं बांधलेली आहे. अजून लिहायची वेळ आलेली नाही.

धुतल्यावर भरायचं ते मात्र बोअरचं पाणी नको, कूलंट हवं. त्या पाण्यातल्या क्षारांचा नळ्यांत जो पांढरा थर धरतो, तो... वेळ झाली.