इंटरनेट, निवडणुका आणि आपला समाज
(वर्धापनदिनाच्या समारंभातील भाषण)



वर्धापनदिनी इंटरनेटसारखा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण आता मते मागितली जातात ती फोनवर, सभा भरते ती फोनवरच्या निरोपाने, आणि फोन तर आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. तेव्हा विषय आपलाच आहे.

१९६२ साली विवाहनोंदणीच्या वेळी बेने इस्राएलांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी, असा आदेश निघाला. त्या काळी आपल्या वस्त्यांत कितीशा घरांत टेलिफोन होता? निरोप तोंडी जायचा, नाहीतर पत्राने. तरीही १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे बायकामुलांसह जेरुसलेमला धरणे धरून बसली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी केनेसेटचे खास अधिवेशन भरले, बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदीच आहेत असे सांगण्यात आले, आणि त्याच महिन्यात आदेशातून आपल्या जमातीचे नाव निघाले. माणसे जमवायला वेळ लागला. पण जमलेली माणसे एकमेकांना नावानिशी ओळखत होती, म्हणून टिकली.

आता २०११ साल आठवा. कॉटेज चीजचा डबा सात-आठ शेकेलवर गेला, तेव्हा जूनमध्ये फेसबुकवर बहिष्काराची हाक निघाली. लाखाहून अधिक लोकांनी नावे दिली आणि काही दिवसांतच भाव सहा शेकेलच्या खाली आला. पुढच्याच महिन्यात, १४ जुलैला, घरभाडे परवडेना म्हणून डाफ्नी लीफ या तरुणीने तेल अवीवच्या रॉथशील्ड रस्त्यावर तंबू ठोकला आणि फेसबुकवरून इतरांना बोलावले. ३ सप्टेंबरला देशभर मिळून चार लाखांच्या आसपास माणसे रस्त्यावर होती. असा जमाव आमच्या पिढीने क्वचितच पाहिला असेल. त्यातून काय हाती लागले? त्राख्तेनबर्ग समिती नेमली गेली, तीन वर्षांपासूनच्या मुलांना मोफत शिक्षण लागू झाले, आणि स्ताव शाफिर व इत्झिक श्मुली हे दोन तरुण नेते २०१३ साली केनेसेटवर निवडून गेले. हे थोडे नव्हे. घरांच्या किमती मात्र चढतच राहिल्या, आणि तंबू तर शरद ऋतूतच उठले होते.

निवडणूक प्रचाराची गोष्ट आम्हांला अधिक काळजीची वाटते. पूर्वी भिंतीवर पत्रक लागे. ते सर्वांना दिसे, विरोधकालाही दिसे, आणि तो उत्तर देई. आता एकाच घरात नातवाला एक जाहिरात येते आणि आजीला दुसरी. दोघांनाही वाटते की उमेदवार आपल्याच मनातले बोलतो आहे. १९५९ च्या प्रचारविषयक कायद्यात छापील पत्रकावर जबाबदार माणसाचे नाव हवे असे होते. २०१९ साली निवडणूक समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती हनान मेल्सर यांनी तोच नियम इंटरनेटवरील प्रचाराला लावला. चांगले केले. पण फेब्रुवारी २०२० मध्ये एका पक्षाने प्रचारासाठी वापरलेल्या ॲपमधून सुमारे ६५ लाख मतदारांची नावे, पत्ते आणि ओळखपत्रांचे क्रमांक उघडे पडले. देशाची सारी मतदारयादीच ती! त्यात आपणही आलोच.

आणि पुढे ढकललेला निरोप खराच असतो, असे समजू नका. १ जुलै २०१८ रोजी आपल्या महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच भटक्या गोसाव्यांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप पाचच ठिकाणी पाठविता येईल, असे बंधन घातले.

आपल्या सिनेगॉगचा ग्रुप दुःखद वार्ता, मिन्यानची गरज, मलिद्याचे आमंत्रण यांसाठी फार उपयोगी पडतो. तो बंद करा असे कोण म्हणेल? परंतु नगरपालिकेची निवडणूक जवळ आली की उमेदवारांची माणसे गोड बोलून सभासदांच्या फोन नंबरांची यादी मागतात. आमचे मत असे की ती देऊ नये, मग मागणारा आपल्या जमातीचा का असेना. ज्याला मते हवीत त्याने किद्दुशला यावे, बसावे, आणि सर्वांसमोर प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

दुसरे, हिब्रू भराभर वाचता येत नाही अशी आपल्यातली वडील मंडळी ग्रुपवर असूनही नसल्यासारखीच असतात. त्यांच्यासाठी महत्त्वाचा निरोप मराठीतून, आवाजात पाठवावा. तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे. पाच मिनिटांचे काम आहे.

ज्यांच्याजवळ तसला फोनच नाही, त्यांच्यासाठी दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. तीत आपले नाव आणि निरोप आणून देऊ शकेल अशा शेजाऱ्याचे नाव लिहावे. वही सिनेगॉगच्या कपाटात कुलपात राहील.