डॉ. प्रभा अत्रे : एक वाग्गेयकार गायिका



शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला, तेव्हा वाग्गेयकाराची लक्षणे त्याने काटेकोरपणे सांगितली. पद्याचे शब्द आणि त्याची चाल, म्हणजे मातु आणि धातु, ही दोन्ही ज्याची स्वतःची, तो वाग्गेयकार. अशी नावे आठवू लागले की सदारंग-अदारंगांपासून शेजारच्या देवासच्या कुमार गंधर्वांपर्यंत मोठी मालिका डोळ्यांपुढे येते. तीत स्त्री क्वचितच आढळते. आश्चर्य असे की, ख्यालाच्या कितीतरी बंदिशींत बोलणारी स्त्रीच असते. सासू-नणंदेचे गाऱ्हाणे तिचे, प्रियकराची वाट पाहणेही तिचेच. हे शब्द तिच्या तोंडी घातले मात्र बहुधा पुरुषांनी!

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. जर्मनीतील फॅनी मेंडेल्सनची काही गीते तिच्या भावाच्या, फेलिक्सच्या, नावाने छापली गेली. १८४२ साली व्हिक्टोरिया राणीने त्यांतलेच एक आवडीने गायिले, तेव्हा ते बहिणीचे असल्याची कबुली फेलिक्सला द्यावी लागली. पियानोवादक क्लारा शुमानने किशोरवयातच पियानो कॉन्चेर्टो रचला आणि १८३५ मध्ये लाइपझिग येथे तो स्वतः वाजविला. पुढे संसार, आठ अपत्ये, पतीचे आजारपण आणि १८५६ मधील त्याचा मृत्यू. वादन अखंड चालू राहिले, रचना मात्र जवळजवळ थांबली. तरीही स्वरलिपीत छापलेला कागद मागे राहिला म्हणून तिचे नाव आज घेता येते. आपल्या मौखिक परंपरेत ती सोयही नव्हती. बंदिश गळ्यातून गळ्यात जाते आणि मुद्रा नसेल तर कर्त्याचे नाव वाटेतच गळून पडते.

या पार्श्वभूमीवर प्रभाताईंचे काम पाहावयास हवे. जन्म पुण्याचा, १३ सप्टेंबर १९३२ चा. घरात गाण्याची परंपरा नव्हती. आई इंदिराबाईंची प्रकृती बरी नसे. संगीताने मन रमेल, असे कोणी सुचविले म्हणून घरी शिकवणी सुरू झाली. आईचे शिक्षण लवकरच थांबले, कन्येचे मात्र चालू राहिले. पुढे किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने आणि त्यांच्या भगिनी हिराबाई बडोदेकर यांची तालीम त्यांना लाभली. त्याच बरोबरीने विज्ञानाची आणि कायद्याची पदवीही त्यांनी मिळविली. वकिलीचा काळा कोट काही चढला नाही. पण मुद्दा मांडावा कसा आणि प्रतिपक्षाला उत्तर द्यावे कसे, हे शिक्षण वाया गेले नाही, असे त्यांचे लेखन वाचताना वारंवार जाणवते. संगीत रंगभूमी, आकाशवाणी, मुंबईच्या एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठातील संगीत विभागाचे प्रमुखपद, हे पुढचे टप्पे सर्वश्रुत आहेत.

इंदूरकरांना त्यांच्याविषयी विशेष जवळीक वाटावी, असे एक कारण आहे. गुरूंच्या गायकीखालोखाल त्यांच्यावर संस्कार झाला तो उस्ताद अमीर खाँ आणि बडे गुलाम अली खाँ यांचा. खाँसाहेबांचा तो संथ, अंतर्मुख ख्याल आणि त्यातील विचारपूर्वक येणारी सरगम याच शहराची देणगी. किराण्यात अब्दुल करीम खाँ सरगम गात. तरी अनेक जाणकारांना ती खटके. स्वरांची नावे घेणे म्हणजे गाणे नव्हे, तो व्याकरणाचा पाठ झाला, असा त्यांचा आक्षेप. प्रभाताईंनी हा वाद मैफलीपुरता ठेवला नाही. सरगम हाच त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषय झाला. आलाप आणि तान यांच्याप्रमाणे सरगम हीही स्वतंत्र सामग्री आहे, तिच्या अक्षरांच्या उच्चारातून जो आघात आणि जी लय निर्माण होते ती आकारातून होत नाही, हे त्यांनी शास्त्राने मांडले आणि गळ्याने सिद्ध केले. हे दोन्ही साधणारे थोडेच.

रचनाकार म्हणून त्यांची कीर्ती पसरली ती मारुबिहाग आणि कलावती या रागांच्या ध्वनिमुद्रिकेने. त्यातील त्यांच्या बंदिशी घरोघरी पोचल्या. त्या कोणाच्या हे ठाऊक नसतानाही विद्यार्थी त्या गाऊ लागले. त्यांनी अपूर्व कल्याण, मधुरकंस, तिलंग-भैरव, रवि भैरव असे रागही निर्मिले. शब्दांच्या बाबतीत त्यांनी क्रांती केली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. विरह आणि प्रतीक्षा त्यांच्याही बंदिशींत आहेत. फरक आहे तो अक्षरांच्या निवडीत. कोणता स्वर कोणत्या वर्णावर विसावेल, सम कोठे गाठायची, गाताना कोणता शब्द अडखळेल, याचा हिशेब गाणाऱ्या व्यक्तीनेच मांडलेला दिसतो. म्हणूनच त्या बंदिशी गळ्यावर सहज चढतात.

‘स्वरांगिनी’ आणि ‘स्वररंजनी’ या संग्रहांतून त्यांनी आपल्या बंदिशी स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. मौखिक परंपरेत नाव हरवू नये, यासाठी याहून खात्रीचा उपाय कोणता? ‘स्वरमयी’ हा मराठी ग्रंथ तर संगीताच्या विद्यार्थ्याइतकाच साहित्याच्या वाचकानेही वाचावा असा आहे. आपल्या विद्येविषयी इतक्या नितळ गद्यात लिहिणारे कलावंत मराठीत मोजकेच. १९९० मध्ये पद्मश्री, २००२ मध्ये पद्मभूषण आणि २०२२ मध्ये पद्मविभूषण असे सन्मान त्यांना लाभले. भीमसेन जोशींनंतर पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता त्यांच्या गायनाने होऊ लागली. वयाची ऐंशी उलटल्यावरही त्या व्यासपीठावर बसून गात होत्या. १३ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.