मारिओची उडी

१९९० नंतरच्या दशकात ज्यांच्या घरी शाळकरी मुले होती, त्यांना मारिओ कोण हे सांगायला नको. कोथरूडला डहाणूकर कॉलनीतल्या आमच्या घरीही टी.व्ही.ला जोडायचा तो खेळ आला. परीक्षा तोंडावर आली तशी मी त्याची कॅसेट कपाटात कुलूपबंद केली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, एकदा खेळून तर बघा!" मी पडलो शिक्षक, पेपर न तपासता नापास कसे करणार? बसलो.

पहिल्याच पावलाला समोरून एक बुटके, तपकिरी सोंग चालत आले. मी त्याच्यावर आदळलो आणि मेलो! पुन्हा सुरुवात. या खेपेला उडी मारली, तर डोके वरच्या चौकोनावर आपटले आणि नाणे निघाले. दोन धडे झाले, पण कोणी शिकवल्याचे कळलेसुद्धा नाही. पुढे समोरासमोर दोन जिने येतात. मध्ये जमीन असते. उडी चुकली तरी पुन्हा चढा. लगेच तसेच दोन जिने, पण मध्ये खड्डा. आधी सराव, मग परीक्षा!

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ जपानात १९८५ साली निघाला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे रचनाकार. सारा पसारा अवघ्या ४० किलोबाइटांचा. जागा वाचवण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांची आकृती एकच, रंग तेवढा निराळा. मग थोरवी कशात? तर उडीत. बटण नुसते टेकवा, उडी लहान. दाबून धरा, उंच. धावत या, लांब. हवेतसुद्धा थोडे मागेपुढे सरता येते. त्यामुळे खड्ड्यात पडलो तर दैवाला बोल लावता येत नाही. लंगडीत पाय टेकला की गडी बाद, तसा हा रोकडा न्याय.

आमचा मुलगा एकाच खड्ड्यात अकरा वेळा पडला आणि हसत बाराव्यांदा उठला. हाच मुलगा दोन गणिते चुकली म्हणून वही फेकून देत असे. का बरे? खड्डा त्याला लगेच पुन्हा उडी मारू देत होता. माझी लाल फुली तसे करू देत नव्हती.

मी कपाटाची किल्ली त्याला दिली. खेळ रोज अर्धा तास, असा करार झाला. आणि त्या वर्षापासून वर्गात पहिल्या प्रयत्नाला गुण देणे मी बंद केले.