कोलोसियमच्या दर्शनास निघण्यापूर्वी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील आपल्या मंडळींनी मिळून रोमची यात्रा करावी आणि तेथील कोलोसियम हे जगद्विख्यात पुरातन प्रेक्षागार पाहून यावे, असा विचार मंडळापुढे आला आहे. त्याविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा अध्यक्षमहाराजांनी आम्हांस केली, ती आम्ही शिरसावंद्य मानतो. एवढ्या दूरचा आणि एवढ्या खर्चाचा प्रवास एकदाच घडावयाचा. तेव्हा तेथे जाऊन काय पाहावयाचे, याचा विचार घरी बसूनच पक्का झालेला बरा.

प्रथम वास्तूविषयी. व्हेस्पेशियन या सम्राटाने इ. स. ७० नंतर लवकरच हे काम आरंभिले आणि त्याचा पुत्र टायटस याने इ. स. ८० मध्ये त्याचे उद्घाटन केले. त्या निमित्ताने शंभर दिवस खेळ चालले होते, असे इतिहासकार सांगतात. वास्तूचा आकार लंबवर्तुळ असून लांबी सुमारे १८८ मीटर, रुंदी सुमारे १५६ मीटर आणि उंची सुमारे ४८ मीटर आहे. पन्नास हजार तरी माणूस तेथे बसत असावे, असा अंदाज आहे. तळमजल्यास ८० कमानी आहेत. त्यांपैकी ७६ कमानींवर क्रमांक कोरलेले होते, आणि प्रत्येकाने आपल्या क्रमांकाच्या कमानीतूनच आत जावयाचे असे. पंढरीच्या वारीत दिंड्यांना क्रमांक असतात आणि लक्षावधींचा समुदाय शिस्तीने चालतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस या योजनेचे मर्म निराळे सांगावयास नको.

आता प्रवासाच्या व्यवस्थेकडे वळू. सहलींच्या कित्येक कार्यक्रमपत्रिकांत कोलोसियम ‘बाहेरून’ दाखविण्याचे लिहिलेले असते. मंदिरासमोरून जाताना कळसाला हात जोडावे आणि पुढे व्हावे, तसे ते कळसदर्शन होय. मोटारीतून उतरावयाचे, छायाचित्र काढावयाचे आणि पुन्हा मोटारीत बसावयाचे! आमचे आग्रहाचे सांगणे असे की, आत प्रवेश मिळणार की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे. प्रवेशपत्रावर दिवस व वेळ नेमलेली असते. इ. स. २०२३ पासून त्यावर प्रवाशाचे नावही असते, आणि ते पारपत्रावरील नावाशी जुळावे लागते. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचे नाव, दुसऱ्यावर पतीचे, तर तिसऱ्यावर नुसतेच आडनाव, असा प्रकार फार आढळतो. भगिनींनी याकडे आधीच लक्ष पुरवावे. तळघर आणि मधले रिंगण पाहावयाचे असल्यास त्यासाठी निराळे प्रवेशपत्र लागते, आणि ती लवकर संपतात.

व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. तो निदान पंधरा दिवस आधी तरी झालाच पाहिजे, पण तेवढ्यावर भरवसा ठेवू नये. बोटांचे ठसे देण्यास स्वतः जावे लागते. निदान तीस हजार युरोंच्या औषधोपचाराचा विमा सक्तीचा आहे. आषाढ-श्रावणात तेथे पाऊस नसून कडक ऊन असते. म्हणून वयस्कर मंडळींस एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ सोयीचा. सवयीची पादत्राणे आणि हलकी पिशवी एवढेच बरोबर घ्यावे, कारण मोठे सामान आत नेऊ देत नाहीत. पाण्याची चिंता नको. रोमच्या रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ अखंड वाहत असतात, आणि त्यांस मोल पडत नाही.

रोमला जाण्यापूर्वी मंडळींनी दोन ठिकाणे अवश्य पाहावीत. कऱ्हाडजवळच्या आगाशिवाच्या डोंगरात सातवाहनकाळापासूनची बौद्ध लेणी आहेत. आणि कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात जे उत्खनन झाले, त्यात रोमन सागरदेवतेची लहानशी ब्राँझची मूर्ती सापडली. ती तेथील टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. तिच्याकडे पाहून जो निघेल, त्यास रोम अगदीच परके वाटणार नाही. दोन हजार वर्षांपूर्वी त्यांचा माल आपल्या घाटांवरून चढून आपल्या नदीकाठी पोहोचला होता!

परंतु आम्हांस मुख्यत्वे सांगावयाचे आहे ते याहून निराळे. आत शिरल्यावर बहुतेकांची नजर खाली रिंगणाकडे जाते. आमची विनंती अशी की, मंडळींनी आधी वर, आसनांच्या पायऱ्यांकडे पाहावे. तेथे कोणी कोठे बसावे हे दर्जाप्रमाणे ठरलेले होते. अगदी पुढे, रिंगणालगत, राज्यसभेचे सरदार. त्यांच्यापैकी काहींची नावे दगडावर कोरलेली सापडली आहेत. त्यांच्या मागे श्रीमंत अश्वारोही वर्ग, त्यावर सामान्य नागरिक, आणि सर्वांत वर, जेथून खालची माणसे मुंगीएवढी दिसावीत तेथे, दरिद्री लोक, दास आणि स्त्रिया. अग्निदेवतेच्या व्रतस्थ कुमारिका तेवढ्या पुढे बसत. ज्या कमानींच्या क्रमांकांचे आपण एवढे कौतुक करतो, ते नुसते गर्दीच्या सोयीसाठी नव्हते. एका पायरीच्या माणसाची दुसऱ्या पायरीच्या माणसाशी जिन्यातदेखील गाठ पडू नये, हाही त्या बांधणीचा एक गुण होता.

हे ऐकून ‘काय ते रोमन लोक!’ असे म्हणावयास आपण मोकळे नाही. याच सातारा शहरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका नऊ वर्षांच्या मुलाचे नाव सरकारी इंग्रजी शाळेत दाखल झाले. वर्गात इतरांबरोबर न बसता कोपऱ्यात वेगळे बसावयाचे, आणि बसावयास स्वतःचे निराळे तरटाचे बसकर, हे त्या मुलास ठाऊक झालेले होते. त्याने पुढे ते स्वतः लिहून ठेवले आहे. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. रोमची आसने दगडाची होती म्हणून आज दिसतात. आपली आसने तरटाची होती म्हणून दिसत नाहीत, एवढाच काय तो भेद.

त्याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी इ. स. १९२४ मध्ये वसतिगृह काढले आणि सर्व जातींची मुले एका पंगतीस बसविली. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र दिले, पण पंगत मोडू दिली नाही. एका गावाने दोन्ही पाहिले, वेगळे तरटही आणि एकत्र पंगतही. ज्ञातिमंडळ म्हणून एकत्र येणाऱ्या आपण मंडळींनी यांपैकी कोणता वारसा चालवावयाचा, हा प्रश्न कोलोसियमच्या पायऱ्या आपणांस विचारणार आहेत. त्याचे उत्तर बरोबर घेऊनच निघाले पाहिजे.

रिंगणाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. त्यावर वाळू पसरलेली असे. लॅटिन भाषेतील वाळू या शब्दावरूनच युरोपीय भाषांत अशा रिंगणाला नाव पडले आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांस तांबड्या मातीचे प्रेम आहे. कुंडलच्या मैदानासारखी कुस्तीची मैदाने आपण पाहिली आहेत. पण आपल्या मातीत चीत झालेला मल्ल उठतो, विजेता त्याला आलिंगन देतो, आणि दोघेही घरी जातात. त्या वाळूत उतरणारे पुष्कळसे दास, युद्धकैदी किंवा शिक्षा झालेले गुन्हेगार असत, आणि कित्येकांचे मरण हाच खेळ असे. वास्तूच्या भव्यतेने दिपून जाताना याचा विसर पडू नये.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, या यात्रेची यादी ज्ञातीपुरती बंद न ठेवता शेजारीपाजारी व स्नेही यांस खुली असावी. दुसरी, बसमधील पुढची आसने देणगीदारांसाठी न राखता रोज चिठ्ठ्या टाकून ठरवावीत. मात्र ज्यांस चालण्याचा त्रास आहे त्यांस दाराजवळची जागा द्यावी. तिसरी, ज्या भगिनी एकट्या आहेत त्यांच्या खोलीचा जादा आकार मंडळाने सोसावा, म्हणजे केवळ सोबत नाही म्हणून कोणी मागे राहणार नाही. या सूचना लहान दिसतील. पण आसनांचे प्रश्न नेहमी असे लहानच दिसतात.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. इ. स. २००० च्या सुमारास रोममध्ये एक सुंदर प्रघात सुरू झाला. जगात कोठे देहदंड रद्द झाला किंवा कोणाची फाशी टळली, की त्या निमित्ताने कोलोसियमवर विशेष दीपप्रकाश पाडावयाचा. जेथे माणसाचे मरण पाहण्यास हजारो जमत, तेथे माणूस वाचला म्हणून दिवे लागतात! दगड तेच आहेत, पाहणाऱ्यांचे मन पालटले. तसे मन घेऊन आपली मंडळी जावोत आणि सुखरूप परत येवोत, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.