जुनं पॅकिंग काढताना ग्राइंडर लावू नका
(दुबईतल्या एका लेबर कॅम्पात सुट्टीच्या दिवशी केलेलं भाषण)

मी डिप्लोमावाला सुपरवायझर, मेकॅनिक नव्हे. पण साइटवर जनरेटर किंवा कॉम्पॅक्टर बंद पडला की गॅरेजला कोण पाठवतो? आपल्यातल्याच एखाद्या हेल्परला सांगतात, तू खोल. म्हणून आज पॅकिंगबद्दल बोलतो. इंजिन खोललं की हेडला आणि ब्लॉकला जुनं गॅस्केट चिकटून राहतं, ते.

घाई असते. मग ग्राइंडरला वायर ब्रश लावला की पाच मिनिटांत चकाचक. हे करू नका. जुन्या इंजिनांच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. सेकंडहँड मशीनमध्ये कुठलं पॅकिंग आहे, हे नुसतं बघून फोरमनलाही सांगता येत नाही. धूळ उडाली की ते तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. आजार दिसायला २०-३० वर्षं लागतात. तोवर आपण गावी आणि कंपनीला आपलं नावही आठवत नाही.

इंजिनही खराब होतं बरं का. घासायच्या चकतीची कच तेलात जाते, बेअरिंग खाते. ॲल्युमिनियमच्या हेडला खळगे पडतात, नवं पॅकिंग गळतं. मालकाला फुप्फुसापेक्षा ही भाषा लवकर कळते, तेव्हा आधी हेच सांगा.

मग काढायचं कसं? इंजिन थंड होऊ द्या. बोल्टच्या आणि तेलाच्या भोकांत कापड कोंबा. साबणाच्या पाण्याने पॅकिंग भिजवा, ओलं ठेवतच स्क्रॅपर आडवा धरून खरवडा. बिडाला लोखंडी पातं चालेल, ॲल्युमिनियमला प्लास्टिकचंच. कम्प्रेसरची हवा मारायची नाही. खरवड ओली असतानाच पिशवीत बांधा. तोंडाला एफएफपी ३ मास्क हवा. रुमालाने काही अडत नाही. ते कपडे खोलीत झटकू नका.

पॅकिंग काढायच्या स्प्रेच्या डब्यावर मिथिलीन क्लोराइड किंवा डायक्लोरोमिथेन लिहिलंय का बघा. त्याची वाफ हवेपेक्षा जड, खड्ड्यात आणि बंद कंटेनरमध्ये साचते. माणूस बेशुद्ध होऊन मरू शकतो. पातळ निळे हातमोजेही त्याला थोपवत नाहीत.

आता हक्काचं. इथल्या २०२१ च्या ३३ नंबरच्या कामगार कायद्यात धोक्यापासून बचावाची साधनं देणं मालकावर आहे. गंभीर धोका मालकाला माहीत असून त्याने काही केलं नाही, तर नोटीस न देता काम सोडता येतं. 'माहीत असून' हा शब्द महत्त्वाचा. म्हणून तोंडी सांगून थांबू नका. मशीनचा फोटो आणि 'मास्क दिला नाही' एवढं व्हॉट्सॲपवर पाठवा, तारीख आपोआप पडते. पण रागाने खोलीत जाऊन बसू नका, पळून गेल्याची केस घालतात. आधी कामगार मंत्रालयात तक्रार.

प्लास्टिकचे चार स्क्रॅपर आणलेत. ज्याला हवा त्याने न्या, फक्त परत आणून द्या. आता विचारा काय विचारायचं ते.